थांबली सायकल, विझला दिवा

बालदोस्तांनो, गेल्या आठवड्यात आमच्या वर्गात एक पाहुणा आला होता. काळा, गंजलेला, बाटलीएवढा, आणि डोक्यावर खाचाखाचांची टोपी घातलेला. ओळखा पाहू कोण?

नाही ना ओळखता आलं? तुमच्या आई-बाबांना विचारा, ते लगेच ओळखतील. तो होता सायकलचा डायनॅमो! आमच्या वर्गातल्या एका मुलाच्या आजोबांची जुनी सायकल माळ्यावर पडली होती. ती भंगारात द्यायला काढली, तेव्हा या पठ्ठ्यानं डायनॅमो आणि पुढचा दिवा तेवढा सोडवून घेतला आणि दप्तरात घालून थेट शाळेत आणला.

हल्ली सायकलींना डायनॅमो फारसे दिसत नाहीत. बॅटरीवर चालणारे छोटे दिवे मिळतात, ते लावले की झालं. पण मी शाळेत होते तेव्हा आमच्या वडिलांच्या सायकलला असाच एक डायनॅमो होता. मागच्या चाकाशी बसवलेला. अंधार पडला की वडील खाली उतरायचे आणि खटका दाबून तो चाकावर टेकवायचे. मग पायडल मारलं की डायनॅमोची टोपी टायरला घासत गरगर फिरायची, घुंऽऽ असा आवाज यायचा आणि पुढचा दिवा लागायचा. जोरात गेलं की लख्ख, हळू गेलं की मिणमिण, आणि चौकात थांबलं की गुडुप अंधार!

तर मधल्या सुट्टीत आम्ही शिपाईकाकांची सायकल मागून घेतली. तिला स्टँडवर उभी केली, डायनॅमो सुतळीनं घट्ट बांधला आणि एका मुलानं हातानं पायडल फिरवलं. पहिल्या खेपेला काहीच नाही. दिव्याच्या होल्डरमधला गंज घासून काढला आणि पुन्हा फिरवलं, तर दिवा लागला! काय तो आरडाओरडा! शेजारच्या वर्गातली मुलंसुद्धा धावत आली.

मी मोठ्या ऐटीत सांगितलं, "मुलांनो, याच्या आत एक लोहचुंबक आहे आणि त्याच्याभोवती तांब्याच्या तारेचं वेटोळं आहे. चाकाबरोबर लोहचुंबक फिरतो आणि तारेत वीज तयार होते."

सगळ्यांनी माना डोलावल्या. एका मुलीनं मात्र नाही डोलावली. तिनं विचारलं, "बाई, सायकल थांबली की लोहचुंबक कुठं जातो?"

"कुठं जाणार? आतच असतो की."

"मग त्याची शक्ती संपते का?"

"नाही गं. लोहचुंबकाची शक्ती अशी संपत नाही."

"मग लोहचुंबक तोच, तार तीच, शक्तीपण तेवढीच. तर मग दिवा का विझतो?"

मी म्हटलं, "कारण तो फिरत नाही म्हणून."

"ते दिसतंच आहे," ती म्हणाली, "पण फिरायला कशाला पाहिजे?"

खरं सांगू? मला पटकन उत्तर देता आलं नाही. 'लोहचुंबक फिरला की वीज तयार होते' हे वाक्य मी पुस्तकात वाचलं होतं, पाठ केलं होतं आणि परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते. पण नुसता ठेवून का चालत नाही, हे स्वतःला कधी विचारलंच नव्हतं. मी म्हटलं, "उद्या सांगते." बाई 'उद्या सांगते' म्हणाल्या की त्याचा अर्थ काय, ते तुम्हाला ठाऊक आहेच!

घरी येऊन पुस्तकं काढली. आणि काय गंमत, जो प्रश्न त्या मुलीला पडला, त्याच प्रश्नावर दोनशे वर्षांपूर्वी युरोपातले मोठमोठे शास्त्रज्ञ अडून बसले होते. थोडीथोडकी नाहीत, चांगली अकरा वर्षं!

त्याचं असं झालं. १८२० साली डेन्मार्कमधल्या कोपनहेगन शहरात हान्स क्रिश्चन ओर्स्टेड नावाच्या प्राध्यापकांना दिसलं, की तारेतून वीज सोडली की जवळ ठेवलेल्या होकायंत्राची सुई वळते. म्हणजेच विजेपासून चुंबकत्व तयार होतं. ही बातमी युरोपभर पसरली. लगेच सगळ्यांच्या मनात आलं, की विजेपासून चुंबकत्व मिळतं, तर चुंबकत्वापासून वीज का मिळू नये? तार घ्यावी, तिचं वेटोळं करावं, आत दणकट लोहचुंबक ठेवावा आणि बघत बसावं. कुणी मोठे लोहचुंबक आणले, कुणी तारेचे वेढे वाढवले. वीज काही मिळेना.

का मिळेना, ते लक्षात आलं का? सगळे जण लोहचुंबक ठेवून बघत होते. आपल्याला वाटतं ना, की शेगडी जवळ ठेवली की ऊब येते, तसा लोहचुंबक जवळ ठेवला की वीज येईल. त्यांनाही तसंच वाटत होतं.

यातली एक गोष्ट मला फार चुटपुट लावून गेली. स्वित्झर्लंडमधल्या जिनीव्हा गावात जाँ-दानियेल कोलादाँ नावाचे तरुण शास्त्रज्ञ होते. १८२५ साली त्यांनी तारेचं मोठं वेटोळं केलं, एक जोरदार लोहचुंबक घेतला आणि वीज आली तर ती दाखवायला सुईचं यंत्र जोडलं. पण माणूस हुशार! त्यांनी विचार केला, की या यंत्रातली सुई म्हणजेसुद्धा छोटा लोहचुंबकच. माझा मोठा लोहचुंबक तिच्याजवळ हलवला, तर ती उगाचच हलेल आणि मला वाटेल की वीज आली. मग त्यांनी लांब लांब तारा जोडून ते यंत्र दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवलं.

बरोबर केलं की नाही? अगदी बरोबर केलं. पण कोलादाँ होते एकटे. ते या खोलीत लोहचुंबक वेटोळ्यात सरकवायचे आणि मग दुसऱ्या खोलीत जाऊन सुई बघायचे. सुई आपली शून्यावर! पुन्हा यायचे, पुन्हा सरकवायचे, पुन्हा जायचे. सुई शून्यावरच. प्रत्येक वेळी सुई हलत होती हो! लोहचुंबक आत जातानाच्या त्या क्षणी ती टुणकन हलून पुन्हा जागेवर यायची. पण तेव्हा बघायला त्या खोलीत कुणीच नसायचं. एक मदतनीस असता, नाहीतर एखादा दहा वर्षांचा मुलगा 'हलली, हलली!' म्हणून ओरडायला बसवला असता, तर आज पुस्तकांत या शोधापुढं कोलादाँचं नाव असतं.

ते नाव लागलं मायकेल फॅरडे यांचं. फॅरडे म्हणजे लोहाराचा मुलगा. घरची गरिबी, शाळा जेमतेम लिहिण्या-वाचण्यापुरती. चौदाव्या वर्षी लंडनमध्ये एका बुकबाइंडरकडे कामाला लागला. बांधायला आलेली पुस्तकं हा मुलगा बांधता बांधता वाचायचा. तिथंच विश्वकोशातला विजेवरचा लेख त्याच्या हाती लागला आणि त्याला विजेचं वेड लागलं. १८१२ साली त्यानं हम्फ्री डेव्ही या मोठ्या शास्त्रज्ञाची व्याख्यानं ऐकली, त्यांची सुंदर टिपणं काढली, चित्रांसह स्वतःच्या हातानं बांधली आणि डेव्हींनाच पाठवून दिली! पुढच्या वर्षी त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये डेव्हींचा मदतनीस म्हणून नोकरी मिळाली. (बुकबाइंडिंग शिकल्याचा असाही उपयोग होतो. कार्यानुभवाच्या तासाला कंटाळा करणाऱ्यांनी वाचून ठेवावं.)

फॅरडेही मधल्या दहा वर्षांत अधूनमधून तोच प्रयत्न करत होते आणि इतरांसारखेच हात हलवत परत येत होते. मग उजाडला २९ ऑगस्ट १८३१. फॅरडेंनी मऊ लोखंडाची एक कडी करून घेतली होती. बाहेरून सहा इंच व्यासाची, हातातल्या मोठ्या कड्यासारखी. तिच्या एका बाजूला तांब्याच्या तारेचे वेढे आणि दुसऱ्या बाजूला वेगळ्या तारेचे वेढे. त्या काळी वर वेष्टण असलेली तार बाजारात मिळत नव्हती. वेढे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून फॅरडेंना मध्ये सुतळी आणि कापड घालत घालत ती गुंडाळावी लागली. किती वेळ लागला असेल, कल्पना करा!

एका बाजूची तार त्यांनी बॅटरीला जोडायची ठरवली. दुसऱ्या बाजूची तार तीन फूट लांब नेऊन एका चुंबकसूचीवरून घेतली. तीन फूट लांब, हे लक्षात ठेवा. म्हणजे कोलादाँसारखीच काळजी, पण सुई त्याच खोलीत, डोळ्यांसमोर.

बॅटरी जोडली मात्र, सुई थरथरली! आणि पुन्हा जागेवर जाऊन बसली. बॅटरी जोडलेलीच होती, वीज पहिल्या तारेत वाहतच होती, कडीही चुंबक झालेली होती, तरी सुई ढिम्म. मग बॅटरी काढली. पुन्हा सुई हलली! पुन्हा जागेवर.

तुम्ही तिथं असता तर काय म्हणाला असता? 'काहीतरी धक्का लागला असेल, सोडून द्या'? आपण तर नक्कीच तसं म्हटलं असतं. फॅरडेंनी तेवढी एक थरथर धरून ठेवली. पुढं १७ ऑक्टोबरला त्यांनी कागदाच्या नळीवर तारेची आठ वेटोळी गुंडाळली. सगळी मिळून २२० फूट तार! त्यात साडेआठ इंच लांबीचा लोहचुंबक झटकन आत घातला. सुई हलली. झटकन बाहेर काढला. सुई उलट्या बाजूला हलली. आत ठेवून दिला. काही नाही.

म्हणजे कोडं सुटलं. चुंबकत्व *असून* उपयोग नाही, ते *बदललं* पाहिजे. वेटोळ्यातून जाणारं चुंबकत्व वाढत असेल किंवा कमी होत असेल, तेवढाच वेळ तारेत वीज ढकलली जाते. बदल थांबला की वीजही थांबली. याला मोठ्या वर्गातल्या पुस्तकात 'विद्युतचुंबकीय प्रवर्तन' असं भारदस्त नाव आहे. दहावीतल्या ताई-दादांना विचारा, ते हा शब्द दोन वेळा चुकून मग बरोबर म्हणतील.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात हे सगळं सांगितलं. ती मुलगी म्हणाली, "करून बघू या?" आता आली का पंचाईत!

आम्ही केलं. तुम्हीही करा. साहित्य असं: शाळेच्या प्रयोगपेटीतला पट्टीचुंबक, एक छोटं होकायंत्र, आणि मोटार-वाइंडिंगच्या दुकानात मिळते ती बारीक तांब्याची तार. वजनावर मिळते, शंभर ग्रॅम पुष्कळ झाली. जाड कागदाची एक नळी करायची, पट्टीचुंबक आतून सहज सरकेल एवढी. तिच्यावर तारेचे तीनशे वेढे घालायचे. आम्ही प्रत्येकाला दहा-दहा वेढे वाटून दिले, म्हणजे भांडण नको. दुसरं वेटोळं होकायंत्राभोवती. काड्यापेटीच्या आतल्या खणात होकायंत्र ठेवून वरून साठेक वेढे गुंडाळले, मधून सुई दिसेल अशी फट ठेवून. मग दोन्ही वेटोळ्यांची टोकं एकमेकांना जोडली. होकायंत्राची पेटी अशी फिरवून ठेवायची, की तारेचे वेढे सुईच्याच दिशेनं, म्हणजे उत्तर-दक्षिण धावतील. बॅटरी नाही, सेल नाही, काही नाही.

सगळे गोल करून उभे राहिले. मी लोहचुंबक नळीत घातला. सुई गर्रकन वळली! पोरांनी अश्शा टाळ्या वाजवल्या की मुख्याध्यापक डोकावून गेले. मलाही वाटलं, वा! बाई, तुम्ही फॅरडे झालात!

आणि तेवढ्यात आमच्या त्या मुलीनं काय करावं? तिनं पुढं होऊन एक तार सोडवली. म्हणाली, "बाई, आता घाला."

मी घातला. सुई पुन्हा तशीच गर्रकन वळली.

सगळे गप्प. तार तुटलेली, वीज जायला वाटच नाही, आणि सुई तर हलतेय! मग ते काय होतं? अहो, लोहचुंबक टेबलावर सुईपासून वीतभर अंतरावर होता. तो थेट सुईलाच ओढत होता. विजेचा काही संबंधच नव्हता. कोलादाँनी ज्याच्यासाठी दोन खोल्या वापरल्या आणि फॅरडेंनी ज्याच्यासाठी तीन फूट अंतर ठेवलं, तीच चूक मी आदल्या रात्री वाचून आणि सकाळी वर्गात सांगूनसुद्धा केली होती. टाळ्या फुकटच्या होत्या.

मग काय, तीन-तीन मीटरच्या तारा जोडल्या. होकायंत्र व्हरांड्याच्या त्या टोकाला आणि नळी या टोकाला. आधी तारा सुट्या ठेवूनच लोहचुंबक हलवून पाहिला. सुई हलली नाही. ठीक. आता तारा जोडल्या. दोन मुलं सुईवर डोळे लावून बसली. इकडून मी ओरडले, "आऽऽत!" तिकडून आवाज आला, "काऽऽही नाही!" "बाऽऽहेर!" "काऽऽही नाही!"

पाच वेळा केलं. दहा वेळा केलं. काही नाही. शाळा सुटायची वेळ झाली. एक मुलगा हळूच म्हणाला, "बाई, पुस्तकातलं खोटं असेल." मला फार वाईट वाटलं, कारण ही मुलं यापुढं पुस्तकावरही विश्वास ठेवणार नाहीत आणि प्रयोगावरही.

रात्री तारेचा तुकडा हातात घेऊन बसले होते. अंगठ्याच्या नखानं टोक खरवडलं तर खालून वेगळाच चकचकीत रंग आला. आणि डोक्यात प्रकाश पडला! ही तार उघडी दिसते, पण तिच्यावर इनॅमलचा पातळ थर असतो. म्हणूनच तर वेढे एकमेकांना टेकले तरी चालतात. फॅरडेंनी सुतळी आणि कापड घातलं, आपल्याला तो थर आयता मिळतो. पण जिथं जोड द्यायचा, तिथं तो थर घासून काढायला नको का? मी रंगावर रंग जोडून बसले होते! वीज जाणार कशी?

दुसऱ्या दिवशी पॉलिश पेपरनं चारही टोकं पिवळसर तांबूस चकचकीत होईपर्यंत घासली, पीळ दिला आणि "आऽऽत!"

"हलली!"

अगदी एवढीशी. सुईनं नुसता खांदा उडवल्यासारखं केलं आणि ती परत जागेवर आली. आदल्या दिवशीच्या गर्रकन वळण्यापुढं काहीच नाही. पण आता कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, सगळे आधी त्या मुलीकडं बघत होते. तिनं जाऊन तार सोडवली. "घाला." सुई हलली नाही. तार जोडली. "घाला." हलली. मग तिनं मान डोलावली आणि मग टाळ्या!

तुम्ही कराल तेव्हा एक युक्ती सांगते. सुई फार थोडी हलत असेल, तर झोपाळा आठवा. झोका पुढं जाताना ढकलला की तो वाढत जातो. तसं सुईच्या हलण्याच्या तालावर लोहचुंबक आत-बाहेर, आत-बाहेर केला, की सुई छान डोलू लागते. लोहचुंबक हळूहळू सरकवून बघा, आणि झटक्यात सरकवून बघा. वेढे शंभर करून बघा. काय फरक पडतो, ते वहीत लिहा.

पालकांसाठी दोन शब्द. हल्ली बाजारात मिळणारे चकचकीत छोटे लोहचुंबक फार जोरदार असतात, या प्रयोगाला उत्तम. पण घरात लहान भावंडं असतील तर ते त्यांच्या हाती लागू देऊ नका. असे दोन लोहचुंबक गिळले गेले तर ते पोटात आतड्यांच्या आरपार एकमेकांना ओढतात आणि गंभीर इजा होते. आणि मुलांनो, ही तार घरातल्या प्लगमध्ये घालायची नाही. कधीही नाही, गंमत म्हणूनसुद्धा नाही.

आता त्या मुलीच्या मूळ प्रश्नाकडं येऊ या. फिरायला कशाला पाहिजे?

असं समजा, की ठेवलेल्या लोहचुंबकातून वीज मिळाली असती. मग काय झालं असतं? फ्रिजवर चिकटवलेला लोहचुंबक एका वेटोळ्यात ठेवायचा, आणि दिवा रात्रंदिवस, वर्षानुवर्षं जळत राहायचा. ना कुणी पायडल मारायचं, ना कोळसा जाळायचा. छान! पण दिव्यातून जो प्रकाश आणि जी उष्णता बाहेर पडते, ती आली कुठून? काहीच खर्च न करता? वाण्याकडं पैसे न देता रोज साखर मिळते का? दिव्यासाठी कुणीतरी काम केलंच पाहिजे. सायकलवर ते काम करत होते वडिलांचे पाय.

खोटं वाटत असेल तर ज्यांनी डायनॅमोची सायकल चालवली आहे त्यांना विचारा. डायनॅमो टेकवला की सायकल जड व्हायची! चढावर तर वडील सरळ डायनॅमो बाजूला करायचे आणि चांदण्यात सायकल हाणायचे. लहानपणी मला वाटायचं, ती टोपी टायरला घासते म्हणून जड होत असेल. थोडं तेही खरं. पण दुसरं एक कारण आहे. १८३४ साली रशियात हाइनरिश लेंझ यांनी ते नीट मांडलं. वेटोळ्यात वीज आली की ते वेटोळंच एक लोहचुंबक बनतं (ओर्स्टेड आठवले ना?). आणि हा नवा लोहचुंबक मोठा खट्याळ! आपला लोहचुंबक आत येऊ लागला की तो त्याला बाहेर ढकलतो, आणि बाहेर जाऊ लागला की आत ओढतो. जे चाललंय त्याला विरोध करायचा, हाच त्याचा स्वभाव. त्या विरोधाला न जुमानता लोहचुंबक हलवत राहायला आपल्याला जोर लावावा लागतो. तोच जोर विजेच्या रूपानं दिव्याकडं जातो.

सायकल थांबली, म्हणजे जोर लावणं थांबलं. मग दिवा कशाच्या जिवावर जळणार? लोहचुंबकाची शक्ती संपलेली नसते. पण दिवा काही ती शक्ती खाऊन जळत नव्हता, तो वडिलांची सकाळची भाकरी खाऊन जळत होता!

एकदा हे कळलं की डायनॅमो सगळीकडं दिसू लागतो. त्या सायकलच्या डायनॅमोवर '६ व्होल्ट, ३ वॉट' असं लिहिलेलं असायचं. कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून खाली सोडून पोफळीला आणि आसपास जी वीज केली जाते, ती सगळी मिळून १९६० मेगावॅट (हे साल नव्हे बरं का, वीजनिर्मिती १९६२ साली सुरू झाली). म्हणजे आपल्या डायनॅमोसारखे पासष्ट कोटी डायनॅमो एकदम! आत तेच: मध्ये फिरतो तो चुंबक आणि भोवती तारेची वेटोळी. वडिलांच्या पायांऐवजी डोंगरावरून कोसळणारं पाणी. त्याही आधी, १९१५ साली खोपोलीला टाटांचं वीजघर सुरू झालं. लोणावळ्याच्या बाजूच्या तलावांतलं पाणी घाटाखाली आणून केलेल्या त्या विजेवर मुंबईच्या कापडगिरण्या चालल्या.

आणि फॅरडेंची ती कडी? ती तर तुमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर आहे. डीपी म्हणतो ना आपण, तिथल्या रोहित्रात लोखंडाभोवती तारेची दोन वेगवेगळी वेटोळी असतात. कडीत बॅटरी जोडताना आणि काढतानाच सुई हलायची. डीपीतली वीज मात्र सेकंदाला शंभर वेळा दिशा बदलते. बदल कधी थांबतच नाही, म्हणून काहीही न फिरता दुसऱ्या वेटोळ्यात वीज येतच राहते. लांबून कान दिलात तर तिची घूंऽऽ ऐकू येईल. लांबूनच हं, जवळ जायचं नाही.

इंडक्शनच्या शेगडीतही हेच. तिच्या काचेखाली तारेचं वेटोळं असतं आणि त्यातली वीज सेकंदाला वीस हजारांहून जास्त वेळा मागं-पुढं होते. त्यामुळं पातेल्याच्या बुडातच भोवऱ्यासारखे गोल गोल प्रवाह सुरू होतात आणि बूड तापतं. काच तापते ती उलट पातेल्यामुळं! आईचं ॲल्युमिनियमचं साधं पातेलं या शेगडीवर चालत नाही. कुठलं भांडं चालेल ते ओळखायचं असेल, तर फ्रिजवरचा लोहचुंबक बुडाला लावून बघा. घट्ट चिकटला तर चालेल.

आता या आठवड्याचं कोडं. मोडक्या खेळण्यातली छोटी मोटार शोधा, सेलवर चालणारी. तिला सेल जोडायचा नाही. तिच्या दोन्ही तारा एकमेकींपासून लांब ठेवा आणि दांडा बोटांच्या चिमटीत धरून जोरात गिरकी द्या. किती वेळ फिरतो ते बघा. मग दोन्ही तारांची उघडी टोकं एकमेकींना पीळ देऊन जोडा आणि पुन्हा तेवढीच गिरकी द्या. बाहेरून काही लावलं नाही, काही काढलं नाही, फक्त दोन तारा जुळवल्या. फरक काय पडला? आणि का पडला?

उत्तर पोस्टकार्डावर लिहून पाठवा. पाठवण्याआधी तारा सोडवून एकदा पुन्हा गिरकी देऊन बघितली का, तेही लिहा.